जनुक गप्प करण्याचे तंत्र आणि आपली बोंडअळी

प्रश्न असा आला आहे: 'सर, यवतमाळ जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती आहे. पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर घेतो. मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावात एक विक्रेता बाटली घेऊन फिरतो आहे. ही फवारली की अळीचे जनुकच बंद पडते आणि बोंडअळी पुन्हा येत नाही, असे तो सांगतो. असे तंत्र खरेच आहे का? असल्यास ते गुलाबी बोंडअळीवर चालते का? पुढे याच विषयात काम करावे असे मनात आहे, तर सुरुवात कुठून करावी?'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय, दुसऱ्याचे आजमितीस नाही, आणि तिसऱ्याचे उत्तर या दोन्हींमधून निघते, म्हणून ते शेवटी देतो. विदर्भातील कीटकांवर प्रयोगशाळेत आणि शेतावर काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि जनुक गप्प करण्याचे प्रयोग मी स्वतः केले आहेत. त्यांतले यश आणि अपयश या दोन्हींतून जे समजले ते लिहितो.

आधी बाटलीचे बोलू, कारण त्यात तुमच्या घरचा पैसा जाणार आहे. या तंत्रावर आधारलेले, बोंडअळीसाठी नोंदणी झालेले कोणतेही फवारणीचे औषध भारतात विक्रीस नाही. 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार किडीवर वापरायच्या प्रत्येक औषधाची केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंद व्हावी लागते. नोंदणी क्रमांक, घटकाचे नाव, त्याचे प्रमाण आणि कोणत्या पिकावर कोणत्या किडीसाठी शिफारस आहे, हे लेबलवर छापावे लागते. त्या बाटलीवर हे सगळे आहे का, ते पाहा. लेबलवर 'पीकवाढीसाठी' लिहिलेले असेल आणि तोंडी मात्र अळीचा नायनाट सांगितला जात असेल, तर ती बाटली घेऊ नका. शेजाऱ्याने घेतली असेल, तर त्याला पक्के बिल मागून घ्यायला सांगा आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना लेबल दाखवा.

आता तंत्राकडे येतो. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या रूपात जनुके असतात. हा तलाठ्याच्या दप्तरातला मूळ सातबारा समजा. मूळ दप्तर बाहेर जात नाही. काम पडले की त्याची नक्कल काढतात आणि त्या नकलेवर पुढचे व्यवहार होतात. पेशीतही तसेच होते. जनुकाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए, आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होते. जनुक गप्प करताना दप्तराला हात लावला जात नाही, बाहेर निघालेल्या नकला फाडल्या जातात. म्हणून या तंत्राने अळीचे जनुक 'बदलते' किंवा 'मरते' असे म्हणणे चूक आहे. नकला फाडणे थांबले की पेशी पुन्हा नकला काढू लागते.

नकला फाडण्याची ही यंत्रणा पेशीच्या स्वतःच्या मालकीची आहे. एरवी आरएनए एकपदरी असतो. दुपदरी आरएनए दिसला की पेशीला बहुधा विषाणू शिरल्याची शंका येते. 'डायसर' नावाचे विकर (एन्झाइम) त्या दुपदरी धाग्याचे सुमारे 21 अक्षरांचे तुकडे करते; धाग्यातली एकेक कडी म्हणजे एक अक्षर. प्रत्येक तुकड्याचा एक पदर प्रथिनांच्या एका समूहात बसतो आणि तो समूह पेशीभर फिरून त्या पदराशी जुळणारा मजकूर शोधतो. जुळणारी नक्कल सापडली की ती तिथेच कापतो. आपण इतकेच करायचे की, किडीच्या एखाद्या अत्यावश्यक जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए तयार करून तो तिच्या पेशीत पोहोचवायचा. पुढचे काम किडीची पेशी स्वतःच करते. 1990 मध्ये पेटुनियाची जांभळी फुले अधिक गडद करण्यासाठी शास्त्रज्ञांनी रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तेव्हा काही फुले चक्क पांढरी निघाली आणि या घटनेची पहिली ठळक खूण मिळाली. तिचे कारण 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म सूत्रकृमीवरच्या प्रयोगांतून दाखवले. 2006 चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले.

सूत्रकृमीत आणि कीटकात एक फरक आहे आणि तो पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. सूत्रकृमीच्या शरीरात मिळालेल्या तुकड्यांवरून आणखी तुकडे तयार करण्याची सोय असते; थोडे दिले तरी ते वाढत जाते. कीटकांत ही सोय नाही. जेवढे आत पोहोचले तेवढेच काम करणार. त्यामुळे किती दिले यापेक्षा आत शाबूत किती पोहोचले, हा प्रश्न मोठा ठरतो.

हे तंत्र कीटकात किती नेमके चालू शकते हे पाहायचे असेल तर पिठाच्या डब्यात सापडणारा तांबडा भुंगेरा घ्यावा. जगभरच्या प्रयोगशाळांचा तो आवडता कीटक आहे, कारण त्याच्या शरीरात कुठेही दुपदरी आरएनए टोचला तरी परिणाम सर्वत्र पसरतो. मादीच्या कोषाला टोचला तर पुढे तिच्या अंड्यांतही दिसतो. कीटकाचे कवच कडक आणि गडद करणारे 'लॅकेज-2' नावाचे विकर आहे. आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना मी पहिला प्रयोग याच जनुकाचा करायला लावतो. अळीची वाढ पूर्ण होत आली की काचेच्या केसासारख्या बारीक सुईने तिच्या पाठीत द्रवाचा अगदी सूक्ष्म थेंब सोडायचा आणि वाट पाहायची. एरवी कोषातून निघालेला भुंगेरा दोन-तीन दिवसांत विटकरी तांबडा होतो. लॅकेज गप्प केलेला भुंगेरा मात्र शिजवलेल्या भाताच्या शितासारखा पांढरा निघतो आणि पांढराच राहतो. पंखांची झाकणे सुरकुतलेली असतात, चिमट्याने हलके दाबले तरी खड्डा पडतो, आणि काही दिवसांत तो सुकून मरतो. शेजारच्या डबीत त्याच दिवशी, त्याच सुईने, कीटकात नसलेल्या एखाद्या जनुकाचा दुपदरी आरएनए टोचलेले भुंगेरे तांबडे होऊन पिठात हिंडत असतात. एका विद्यार्थिनीने ते दोन्ही भुंगेरे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ ती काहीच बोलली नाही. एक जनुक काय करते हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि ते नसल्यावर काय होते हे डोळ्यांनी पाहणे वेगळे.

या तंत्राचा पहिला आणि आजही सर्वांत भक्कम उपयोग हाच आहे. कीड मारण्याच्या आधी किडीला प्रश्न विचारता येतो. आपल्या जवळचे उदाहरण देतो. सोयाबीनवर येणारी तंबाखूची पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा, तुमच्या परिचयाची आहे. बीटी जिवाणूचे अळीला मारणारे प्रथिन तिच्या आतड्याला नेमके कुठे चिकटते, हा प्रश्न होता. 2002 मध्ये नवी दिल्लीतील शास्त्रज्ञांनी या अळीच्या आतड्यातील एका विकराचे जनुक दुपदरी आरएनए टोचून गप्प केले, तेव्हा बीटीच्या एका प्रथिनाचा अळीवर होणारा परिणाम कमी झाला. म्हणजे ते विकर हे त्या विषाच्या चिकटण्याच्या जागांपैकी एक होते. एका वाक्यात सांगता येणारा हा निष्कर्ष एरवी सिद्ध करणे फार कठीण होते.

आपल्या भागात असे प्रश्न पुस्तकी नाहीत. हे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचे वाण 2006 मध्ये आले. पुढच्या दहा वर्षांच्या आत गुलाबी बोंडअळी आधी एका आणि मग दोन्ही प्रथिनांना पुरून उरली. 2017 च्या हंगामात विदर्भातल्या बोंडांत तिने काय केले ते तुम्ही घरी पाहिले असेल. अभ्यासातून असे दिसले की, पहिल्या प्रथिनाला दाद न देणाऱ्या अळ्यांत आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड होते आणि दुसऱ्या प्रथिनाच्या बाबतीत एबीसीए-2 नावाच्या वाहक प्रथिनाच्या जनुकात. अशा वेळी एखाद्या जनुकावर संशय आला की बीटीला बळी पडणाऱ्या अळीत ते गप्प करून पाहणे हा पुरावा गोळा करण्याचा एक मार्ग असतो.

मात्र पुरावा वाचताना सावध राहावे लागते. नोव्हेंबर 2007 मध्ये एकाच नियतकालिकात दोन शोधनिबंध शेजारी शेजारी आले आणि पीकसंरक्षणात या तंत्राची खरी चर्चा तेव्हापासून सुरू झाली. एक अमेरिकेतून आला होता, मक्याची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्यावर. दुसरा चीनमधून, आपल्याकडे घाटेअळी म्हणतात त्या हिरव्या बोंडअळीवर. पऱ्हाटीच्या पानावर आणि सरकीत जे काळे ठिपके दिसतात त्यांत गॉसिपॉल हे कपाशीचे स्वतःचे विष असते. ते पचवायला मदत करणारे जनुक अळीत आहे असे चिनी शास्त्रज्ञांना वाटले. त्याचा दुपदरी आरएनए तयार करणाऱ्या झाडांची पाने खाऊ घातल्यावर गॉसिपॉलवर वाढणाऱ्या अळ्या खुंटल्या. निबंध गाजला. पुढे काही वर्षांनी वेगळ्या प्रयोगांत असे दिसले की ते विकर गॉसिपॉल थेट मोडतच नाही. अळ्या खुंटल्या हे खरे, पण का खुंटल्या याचे पहिले उत्तर पुरेसे नव्हते. जनुक गप्प केल्यावर दिसलेला परिणाम आणि त्या जनुकाचे खरे काम यांच्यात अनेक पायऱ्या असतात, हे तुम्ही संशोधनात उतरलात तर कायम लक्षात ठेवा.

त्या दोन निबंधांचे पुढे काय झाले यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मक्याच्या भुंगेऱ्याचे काम 2017 मध्ये अमेरिकेत नोंदणीपर्यंत पोहोचले आणि 2022 मध्ये त्याचे बियाणे शेतकऱ्यांच्या हाती गेले. त्या झाडात बीटी प्रथिनांच्या जोडीला भुंगेऱ्याच्या 'एसएनएफ-7' या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए असतो. डिसेंबर 2023 मध्ये तिथेच बटाट्यावरच्या कोलोराडो भुंगेऱ्यासाठी फवारणीचे पहिले औषध नोंदले गेले. ते किडीच्या पेशीतील निकामी प्रथिनांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेतला एक भाग गप्प करते आणि हेक्टरी काही ग्रॅमच लागते. चीनमध्ये कपाशीत बीटीच्या जोडीला हे तंत्र घालून हिरव्या बोंडअळीवर प्रयोग झाले, पण ते प्रयोगाच्या पातळीवर राहिले. बाजारात पोहोचलेल्या या दोन्ही उत्पादनांची लक्ष्ये भुंगेरे आहेत आणि हा योगायोग नाही.

पतंगवर्गीय अळ्यांत हे तंत्र अडखळते आणि ते का अडखळते, हे मी एकदा स्पष्ट पाहिले. आम्ही गुलाबी बोंडअळीला कृत्रिम खाद्यातून दुपदरी आरएनए देत होतो. मात्रा वाढवत नेली, जनुक बदलले, तरी अळ्या वाढतच होत्या आणि मोजणीत नकलाही फारशा कमी दिसत नव्हत्या. शेवटी मोठ्या अळ्यांचे आतडे काढून त्यातला रस घेतला, त्यात तोच दुपदरी आरएनए मिसळला आणि ठरावीक वेळाने नमुने काढून जेलवर चालवले; आरएनए शाबूत असेल तर तिथे त्याची पट्टी दिसते. रस घालण्यापूर्वीच्या नमुन्यात ठसठशीत एकच पट्टी होती. रस घातल्यानंतरच्या पहिल्या नमुन्यात ती खाली ओघळल्यासारखी पुसट झाली होती आणि त्याच्या पुढच्या रकान्यात काहीच उरले नव्हते. भुंगेऱ्याच्या रसात ठेवलेला तोच आरएनए शेजारच्या रकान्यांत शेवटपर्यंत दिसत होता. आम्ही महिनाभर जे अळीला खाऊ घालत होतो ते तिच्या पेशीपर्यंत पोहोचतच नव्हते.

याची कारणे आता बरीच समजली आहेत. या अळ्यांचे आतडे अतिशय विम्लधर्मी (अल्कधर्मी) असते आणि अशा विम्लात आरएनए टिकत नाही. शिवाय त्यांच्या आतड्यात आणि रक्तात दुपदरी आरएनए कापणारी विकरे भरपूर असतात. त्यांतले एक विकर मुख्यतः पतंग आणि फुलपाखरांच्या गणातच सापडते. त्यातूनही जे थोडे पेशीत शिरते ते पेशीच्या आतल्या लहान पिशव्यांत अडकून पडते आणि डायसरपर्यंत जात नाही. या तीन अडथळ्यांवर गुलाबी बोंडअळीने स्वतःचा चौथा घातला आहे, तो म्हणजे तिचे राहण्याचे ठिकाण. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात पात्यात, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बोंडाच्या वाढीबरोबर बुजून जाते. डोमकळी, म्हणजे अळी लागलेले न उमललेले फूल, उघडून पाहिली की पाकळ्या रेशमाने शिवल्यासारख्या चिकटलेल्या दिसतात आणि आत अळी निवांत परागकण खात असते. तिथे भल्याभल्या जहाल औषधांचा फवारा पोहोचत नाही, मग एका नाजूक रेणूचा कसा पोहोचणार? झाडानेच तो रेणू आत तयार करावा असे ठरवले, तर ते नवे जनुकीय वाण होते. त्याला जैवसुरक्षा चाचण्या आणि केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची परवानगी लागते, आणि आतड्याचा अडथळा तरीही शिल्लकच राहतो. हरितलवकात हा रेणू साठवण्याची एक चांगली कल्पना आहे, कारण तिथे झाडाचे स्वतःचे डायसर नसते आणि लांब धागा शाबूत राहतो. 2015 मध्ये बटाट्यात ती यशस्वी झाली, पण तिथेही कीड भुंगेराच होती.

म्हणून विदर्भात या तंत्राकडून लवकर काही हवे असेल तर नजर बोंडअळीवरून हलवावी असे माझे मत आहे. रस शोषणाऱ्या किडींत आशा जास्त आहे. पांढऱ्या माशीला खाद्यातून दुपदरी आरएनए दिल्यावर ती मरते, हे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये दाखवले. पुढे 2014 मध्ये तो रेणू तयार करणारी तंबाखूची झाडे पांढऱ्या माशीपासून बरीच सुरक्षित राहतात हेही दिसले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर दुपदरी आरएनए चिकटवून फवारण्याची पद्धत विकसित झाली. पापुद्रा हळूहळू विरघळतो आणि रेणू पानात झिरपत राहतो. 2022 मध्ये कपाशीच्या पानांवरच्या पांढऱ्या माशीवर तिचा परिणाम दाखवला गेला. संत्र्याच्या बाबतीत मुळातून किंवा खोडातून दिलेला दुपदरी आरएनए झाडाच्या रसात कित्येक आठवडे सापडतो आणि रस शोषणाऱ्या सिट्रस सिलाच्या शरीरातही जातो, असे अमेरिकेतील एका प्रयोगात दिसले. वरूड, मोर्शी, काटोलच्या बागायतदारांनी ही वाट नजरेत ठेवावी. खोडातून द्यायच्या औषधाला पावसाने धुऊन जाण्याचे भय नसते आणि दरवर्षी नव्याने पेरायच्या पिकापेक्षा उभ्या झाडावर ते परवडण्याची शक्यता अधिक.

किमतीचा अडथळा झपाट्याने कमी होतो आहे. पूर्वी प्रयोगशाळेत हा रेणू बनवायला ग्रॅममागे हजारो डॉलर लागत. आता तो डॉलरच्या आसपास आणल्याचे कंपन्या सांगतात.

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. 'किडीने प्रतिकार दाखवला तर काय? जनुक बदलू, अक्षरे बदलू, नवा रेणू तयार', असे उत्साही व्याख्यानांत सर्रास ऐकू येते. प्रयोग याच्या उलट सांगतात. 2018 मध्ये मक्याच्या भुंगेऱ्यांची निवड करत प्रतिकारक्षम पिढी तयार केली, तेव्हा त्या भुंगेऱ्यांनी लक्ष्य जनुकाची अक्षरे बदललीच नव्हती; दुपदरी आरएनए आतड्याच्या पेशीत घेणेच त्यांनी थांबवले होते. परिणामी इतर जनुकांवरचे रेणूही त्यांच्यावर निरुपयोगी ठरले. 2021 मध्ये बटाट्याच्या भुंगेऱ्यात नऊ वेळा निवड केल्यावर प्रतिकारशक्ती अकरा हजार पटींच्या वर गेली. दार एकच असेल आणि तेच बंद झाले, तर बाहेर कितीही वेगवेगळे पाहुणे उभे असले तरी काय उपयोग? बीटीच्या वेळी आपण आश्रयाच्या (बिगर-बीटी कपाशीच्या) ओळी लावल्या नाहीत, फरदड, म्हणजे हंगामानंतर राखलेले पीक, मार्चपर्यंत उभी ठेवली आणि आठ-नऊ महिने अळीला एकाच विषाचे खाद्य पुरवले. या नव्या तंत्राबाबतही तसेच वागलो, तर आपल्या हातून ते बीटीपेक्षाही लवकर जाईल असे मला मनापासून वाटते.

तरीही या तंत्रासाठी धडपड करावी असे मी म्हणतो, त्यामागे 2017 चेच दुसरे कारण आहे. त्या पावसाळ्यात तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. छातीपर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन, ओल्या सदऱ्याने दिवसभर फवारणारा माणूस मी पाहिला आहे आणि तोच मजूर दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर बसलेलाही पाहिला आहे. दुपदरी आरएनए आपण रोज प्रत्येक भाकरीत, प्रत्येक भाजीत खातो. आपल्या पोटात तो मोडतो. मातीत तो दोन दिवसांच्या आत ओळखता येण्याजोगा उरत नाही. फवारणाऱ्याच्या अंगावर उडाला तरी ज्याने जीव धोक्यात येणार नाही असे काही आपल्या हाती येणार असेल, तर त्यासाठी कितीही वर्षे घालवणे योग्य आहे.

माणसाला धोका नाही म्हणून मित्रकीटकांनाही नाही, असे मात्र गृहीत धरू नये. हा रेणू अक्षरांवर चालतो. ज्या कीटकाच्या जनुकात सलग सुमारे 21 अक्षरे जुळतात त्याला तो बाधू शकतो, आणि जवळच्या नात्यातल्या कीटकांत अशी जुळणी सापडते. वांग्याची पाने जाळीदार करणारा हड्डा भुंगेरा आणि मावा खाणारा आपला ढालकिडा हे एकाच कुळातले आहेत. एकाला मारायला निघालेला निष्काळजी संशोधक दुसऱ्यालाही मारून बसेल. म्हणून रेणूची अक्षरे निवडतानाच मधमाशी, ढालकिडा, क्रायसोपा अशा मित्रकीटकांच्या जनुकांशी ताळा करून पाहावा लागतो.

यंदाच्या हंगामात बोंडअळीसाठी काय करायचे, ते थोडक्यात लिहितो, कारण ते कृषी विद्यापीठाच्या आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशींत आहेच. जूनपूर्वी लागवड नको. पाते लागताना हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग आले किंवा शंभरातली दहा फुले अथवा हिरवी बोंडे किडलेली दिसली, तरच फवारणीचा विचार करा. डोमकळ्या दिसतील तशा तोडून नष्ट करा, डिसेंबरअखेर पीक मोकळे करा आणि पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, बांधावर रचून ठेवू नका, कारण सुप्तावस्थेतली अळी त्यांवरच्या वाळक्या बोंडांत आणि सरकीत पुढच्या हंगामाची वाट पाहत बसते.

आता तुमच्या संशोधनाचे. पहिल्याच वर्षी बोंडअळी घेऊ नका. उत्तर 'नाही' आले तर तंत्र चुकले की कीडच तशी आहे, हे नवख्याला कळत नाही. हड्डा भुंगेरा घ्या. या भुंगेऱ्यात हे तंत्र चांगले चालते हे सिद्ध झालेले आहे, तो पान उघड्यावर खातो, आणि पावसाळ्यात घरच्या वांग्याच्या वाफ्यावर मिळतो. दुपदरी आरएनए विकत घेण्याची गरज नाही. 'एचटी-115' नावाची ई. कोलाय जिवाणूंची एक जात आहे. दुपदरी आरएनए कापणारे विकर तिच्यात नसते, त्यामुळे ती हा रेणू साठवून ठेवते. ते जिवाणू उष्णतेने मारून पानाच्या चकतीवर लावता येतात. हे जनुकीय काम असल्याने विभागाच्या संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मान्यता आधी घ्या. रेणूची लांबी 60 अक्षरांपेक्षा कमी ठेवू नका, कारण त्याहून आखूड धागे भुंगेऱ्याच्या आतड्यातील पेशी नीट आत घेत नाहीत. दोनशे-तीनशे अक्षरे बरी. प्रत्येक प्रयोगाला दोन तुलना ठेवा: एक केवळ पाण्याची आणि एक भुंगेऱ्यात नसलेल्या जनुकाच्या दुपदरी आरएनएची. दुसरी तुलना नसलेला प्रबंध मी परीक्षक म्हणून परत पाठवतो. मृत्यू मोजण्याआधी नकला मोजा, त्याही दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या दिवशी, कारण आधीच तयार झालेले प्रथिन संपेपर्यंत भुंगेरा धडधाकट दिसतो आणि घाई करणारा विद्यार्थी तिसऱ्याच दिवशी प्रयोग फसला म्हणून डब्या धुऊन टाकतो.

त्याच वाफ्यावर मावा असेल तर ढालकिडेही असतील. तेही गोळा करा, वेगळ्या डबीत ठेवा आणि हड्ड्यासाठी बनवलेला रेणू साखरेच्या पाण्यातून त्यांनाही द्या. तुमच्या प्रबंधातले ते प्रकरण मी सर्वांत आधी वाचेन.